जनावरांचे जंत-गोचीड आणि आपला ऊस

सभासद बंधूंनो, ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यावर लिहावे, जनावरांच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि तोवर घरचा बाजारहाट दर दहा दिवसांच्या दूधबिलावर चालतो. शिवाय गोठ्यातली बरीच दुखणी आपल्याच पाटातून आणि बांधावरून येतात. पाट आणि बांध म्हटले की बोलायचा अधिकार मलाही आहे.

पहिले घ्या यकृतातील चपटा जंत, म्हणजे लिव्हर फ्ल्यूक. वाळक्या पानासारखा दिसतो. त्याची अंडी शेणातून बाहेर पडतात, ती पाण्यात गेली की दोन-तीन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लू पाण्यातल्या लहान गोगलगाईच्या पोटात शिरते. तिथे एकाची शेकडो होतात, बाहेर येऊन पाण्याकडेच्या गवताच्या देठाला चिकटून बसतात. ते गवत म्हशीने खाल्ले की संपले! तीन-चार महिन्यांनी म्हैस खंगायला लागते, दूध तुटते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. आपण म्हणतो, "वैरण कमी पडली असेल." वैरण कमी नसते, यकृत पोखरलेले असते.

गोगलगाय कुठे राहते? जिथे पाणी साचते तिथे. पाट फुटलेला, चारीत गवत माजलेले, टोकाच्या सऱ्यांत बारमाही चिखल. उसाला जास्त पाणी दिले की जमीन खारवटते हे मी दर मेळाव्यात सांगतो; त्याच पाण्याने गोठ्यात फ्ल्यूक येतो. चर काढून पाणी वाहते करा, रान दोन पाळ्यांमध्ये वाफसा येऊ द्या. पाटकडेचे गवत कापायचेच असेल तर पाण्यातला बुडखा सोडून वरचा शेंडा कापा आणि उन्हात चांगले वाळवून घाला. ओले शेण पाटात धुऊन सोडू नका. खड्ड्यात नीट कुजले तर त्या उष्णतेने अंडी मरतात आणि खतही चांगले होते. औषधाच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा : ऑक्सिक्लोझानाइड हे मोठ्या फ्ल्यूकवर चालते, कोवळ्यांवर नाही, ट्रायक्लाबेंडाझोल दोन्हींवर चालते. कोणते, केव्हा, हे डॉक्टरांनी ठरवावे.

आता मेंढ्या. ऊस तुटल्यावर खोडव्यात किंवा मोकळ्या रानात धनगरबांधवांचा कळप बसवायची आपली जुनी रीत. रानाला लेंडीखत मिळते, त्यांना धान्य-पैसा. पण मेंढीच्या पोटात एक रक्तपित्या जंत असतो, केसाएवढा बारीक. एक जंत दिवसाला साधारण अर्धा दशांश मिली रक्त पितो. हिशेब करा, हजार जंत म्हणजे रोज पन्नास मिली! पावसाळ्यात लेंडीतली अंडी पाच-सात दिवसांत पिल्ले होऊन गवतावर चढतात, म्हणून पावसाच्या आधी आणि पाऊस सरताना औषध द्यायची पद्धत आहे. परंतु सरसकट सगळ्या कळपाला वरचेवर एकच औषध पाजले की जंत निर्ढावतात. ही तक्रार आता आपल्याकडेही आहे. त्यापेक्षा खालची पापणी उलटून पाहावी. लालबुंद असेल तर मेंढी ठीक, पांढरीफटक पडली तर तिला औषध आधी. दक्षिण आफ्रिकेत या पापणीच्या रंगाचा तक्ताच केला आहे, पण मेंढपाळाच्या नजरेला तक्त्याची फारशी गरज नाही. पाजताना मान फार वर करू नये, औषध फुफ्फुसात जाते. कळपाच्या कुत्र्यांनाही जंताचे औषध द्या आणि मेलेल्या मेंढीचे डोके त्यांच्यापुढे टाकू नका. त्यातूनच मेंढ्यांना चक्कर खाण्याचा रोग होतो.

अंगावरच्यांत मुख्य गोचीड. तोडणी हंगामात टोळ्यांचे बैल लांबून येतात, वाढ्यांवर जगतात, आपल्या गोठ्याशेजारी दावणीला असतात. गोचीड गाव पाहत नाही. टोळीच्या बैलांनाही आपल्या जनावरांबरोबर फवारून घ्या, खर्च थोडा आहे. (वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला विसरू नका, तो विषय वेगळा, पण सांगितलेले बरे.) टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून नुसते जनावर फवारून भागत नाही. फटी बुजवा, चुना मारा, गव्हाणीखालीही फवारा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. हाताने काढलेले गोचीड अंगणात फेकू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. संकरित गाईला एकशे चार-पाच डिग्री ताप आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली दिसली की थायलेरिया समजून त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. बुपारव्हाक्वोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर गाय वाचते, उशिरा मिळाले तर पैसे आणि गाय दोन्ही जातात. 2022 साली लंपी आला तेव्हाही चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांनीच तो पसरवला.

पिकाचे कीटकनाशक जनावरावर मारण्याची खोड मात्र अजून गेलेली नाही. पूर्वी गॅमेक्झिनची भुकटी चोळत. ते बीएचसी 1997 साली बंद झाले. आता उसासाठी आणलेली बाटली अंदाजाने पाण्यात टाकून अंगावर ओततात. लाळ गळते, अंग थरथरते, जनावर दोन तासांत आडवे. असे झालेच तर साध्या पाण्याने अंग धुऊन काढा आणि बाटलीचे लेबल डॉक्टरला दाखवा. जनावराचे औषध जनावराचेच असावे, आणि लेबलवर सांगितलेले दिवस ते दूध डेअरीला घालू नये.

वासरे राहिली. मोठे पांढरे जंत म्हशीच्या चिकातून आणि दुधातूनच पारडाच्या पोटात जातात, म्हणून दहा-पंधरा दिवसांचे झाले की पहिला डोस. गाभण जनावराला पहिल्या तिमाहीत अल्बेंडाझोल देऊ नका. आणि शंका असेल तिथे आधी शेण तपासा : सकाळचे ताजे, जमिनीला न लागलेले, लिंबाएवढे शेण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर जनावराची खूण लिहून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावे.