रीफ टँकची अल्कलिनिटी : आकडा नंतर, आधी रोजचा खर्च ओळखा



मागच्या व्हिडिओत आपण मरीन टँकच्या सर्व्हिसिंगचं काम कसं सुरू करायचं ते बघितलं. त्यात मी 'अल्कलिनिटी' हा शब्द चार-पाच वेळा वापरला आणि न समजावता पुढे गेलो. त्यावर तुमचे सगळ्यात जास्त प्रश्न आले, आणि ते बरोबरच आहे. गोड्या पाण्याच्या टाक्या करणाऱ्या दुकानदाराला हा विषय फारसा लागत नाही. मरीन टँकला हात घातलात की पहिल्या महिन्यातच लागतो. म्हणून आज फक्त अल्कलिनिटी.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, कारण मी हे तिच्यातूनच शिकलो.

दुधासारखं पाणी

दुकान टाकून तिसरं वर्ष होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका माझे गिऱ्हाईक. त्यांची तीन फुटी मरीन टाकी, त्यात क्लाउनफिशची जोडी, एक मोठं लेदर कोरल आणि झोअँथिडच्या दोन-तीन वसाहती. काका तीन महिने मुलीकडे गेले होते. मागे शेजारी फक्त माशांना खायला घालायचा आणि कमी झालेलं पाणी भरायचा. काका परत आले आणि त्यांचा फोन आला, "अरे, लेदर आठ दिवस झाले उघडत नाहीये."

गेलो, टेस्ट केली. अल्कलिनिटी ५.५. मला वाटलं, सोपं काम आहे. सोडा ॲशचं दाट द्रावण केलं आणि अंदाजाने, एकाच वेळी, पंपासमोर ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. "सकाळपर्यंत निवळेल काका," म्हणालो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन निघालो.

सकाळी पाणी खरंच निवळलं होतं. पण हीटरवर खडूसारखा थर, वेव्हमेकर जाम, झोअँथिड घट्ट मिटलेले. परत टेस्ट केली तर आकडा फक्त ६! मी टाकलेला बहुतेक माल पाण्यात राहिलाच नव्हता, चुना होऊन हीटरवर आणि पंपात जाऊन बसला होता. दोन आठवड्यांत लेदर कोरल सडलं. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू आकडा दुरुस्त करायला निघालास रे. तो खाली का आला, ते विचारलंच नाहीस."

व्हिजिटचे पैसे परत केले, वेव्हमेकर माझ्या खर्चाने दिला. लेदर कोरल काही परत आलं नाही.

अल्कलिनिटी म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत, पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळे असते. ती डीकेएच या एककात मोजतात. नैसर्गिक समुद्रात ती साधारण ७ डीकेएच असते. घरच्या टाकीत ७ ते ११ च्या मध्ये ठेवतात. मी स्वतः ८ ते ८.५ धरतो. काही किटवर मिली-इक्विव्हॅलंट किंवा पीपीएम लिहिलेलं असतं. गोंधळू नका. २.८ डीकेएच म्हणजे १ मिली-इक्विव्हॅलंट प्रति लिटर, म्हणजेच ५० पीपीएम.

इथे नवीन माणूस हमखास एक चूक करतो. तो अल्कलिनिटी आणि पीएच एकच समजतो. पीएच म्हणजे या क्षणी पाणी किती आम्ल किंवा किती अल्कली आहे. अल्कलिनिटी म्हणजे साठा. बंद खोलीत एसी लावून घरातली माणसं बसली, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच खाली येतो. पण अल्कलिनिटी तिथेच असते. अशा वेळी सोडा टाकायचा नाही, खिडकी उघडायची.

हा साठा खातं कोण?

माझं बीबीए झालेलं, त्यामुळे मला हे वर्किंग कॅपिटलसारखं दिसतं. टाकीत रोजचा खर्च चालू असतो. तुम्ही बघा अथवा न बघा.

पहिला खर्च सांगाडा बांधणाऱ्यांचा. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. हार्ड कोरल यात सगळ्यात खर्चिक. पण टाकीत हार्ड कोरल नसले तरी खर्च थांबत नाही. काचेवर आणि दगडावर जांभळी-गुलाबी कोरलाइन अल्गी चढते ना, ती हेच करते. गोगलगायी शंख वाढवतात. लेदर कोरलच्या अंगातही बारीक चुनखडीचे कण असतात. दुसरा खर्च जिवाणूंचा. माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते थोडी अल्कलिनिटी खातं.

काकांच्या टाकीत मागची काच पूर्ण जांभळी झाली होती. म्हणजे खर्च जोरात. तीन महिने पाणी बदललेलं नाही, नुसतं आरओचं पाणी वरून भरलेलं. म्हणजे जमा शून्य. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर काचेवर होतं.

कॅल्शियम ठीक दिसतं, तरी फसू नका

समुद्रात कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम असतं. कोरलाइन अल्गी जेव्हा २.८ डीकेएच अल्कलिनिटी वापरते, तेव्हा कॅल्शियम जातं फक्त २० पीपीएम. म्हणजे अल्कलिनिटी ८ वरून ५.२ वर आली, तिसऱ्या हिश्शाहून जास्त साठा संपला, तरी कॅल्शियम ४२० चं ४०० दिसेल. कॅल्शियम म्हणजे मुदत ठेव आणि अल्कलिनिटी म्हणजे चालू खातं. चेक बाउन्स होतो तो चालू खात्यावरचा. म्हणून दोनपैकी एकच गोष्ट वरचेवर मोजणं परवडत असेल, तर अल्कलिनिटी मोजा.

मॅग्नेशियमही महिन्यातून एकदा बघा. ते १३०० पीपीएमच्या आसपास असावं. ते फार कमी असेल तर कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात टिकत नाहीत, चुना होऊन खाली बसतात. मग कितीही टाका, आकडा वर येत नाही.

रोजचा खर्च कसा काढायचा?

१. आधी क्षाराचं प्रमाण बघा. ३५ पीपीटीच्या आसपास हवं. पाणी उडून गेलं असेल तर सगळेच आकडे चढे दिसतात. त्यामुळे आधी आरओच्या पाण्याने पातळी भरा, मग टेस्ट करा. बोअरचं जड पाणी भरू नका, त्यात स्वतःचीच अल्कलिनिटी असते आणि तुमचा हिशेब चुकतो.

२. टाकीत खरं पाणी किती ते काढा. ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी कागदावर १९१ लिटरची. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की उरतं साधारण १६० लिटर. गिऱ्हाईक नेहमी कागदावरचा आकडा सांगतं.

३. अल्कलिनिटी ठीक असताना ५-६ दिवस काहीही टाकू नका, पाणीही बदलू नका. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी, एकाच वेळेला, एकाच किटने मोजा.

४. भागाकार करा. समजा शुक्रवारी ८.४ होती आणि पुढच्या गुरुवारी ७.२. सहा दिवसांत १.२ गेली. रोजचा खर्च ०.२ डीकेएच.

किटबद्दल एक टिप. ज्या किटमध्ये एक थेंब म्हणजे १ डीकेएच असतो, त्यावर एवढा बारीक फरक दिसणार नाही. नमुन्याचं पाणी दुप्पट घ्या, म्हणजे एक थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो. सिरिंजवाला किट असेल तर आणखी बारीक वाचता येतं.

किती टाकायचं?

हा हिशेब वहीत लिहून ठेवा : १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो.

आपल्या १६० लिटरच्या टाकीचा रोजचा खर्च ०.२ आहे. १.६ गुणिले ०.२ गुणिले ३, म्हणजे जेमतेम १ ग्रॅम. मी त्या दिवशी काय ओतलं असेल, विचार करा.

खाण्याचा सोडा म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नाही, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. कपड्यांचा सुगंधी सोडा तर अजिबात नाही. सोडा ॲश वापरायचा असेल तर तो जास्त कडक असतो, त्याच कामाला १.९ ग्रॅम पुरतो. तो पीएचही वर नेतो, म्हणून तो जास्त जपून आणि हळू टाकावा लागतो. चमच्याने मोजू नका, छोटा वजनकाटा घ्या. सोडा ग्लासभर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि प्रवाह जोरात असेल तिथे, कोरलपासून लांब, हळूहळू सोडा. कॅल्शियमचा डोस त्याच वेळी टाकू नका, मध्ये चांगलं अंतर ठेवा. नाहीतर दोघं टाकीत भेटून तिथेच चुना करतात.

"पाणी बदललं तर भागणार नाही का?" असं बरेच जण विचारतात. हिशेब करू. आठवड्याचा खर्च १.४ डीकेएच. टाकी ७ वर आलीय आणि तुम्ही ८.४ च्या नव्या पाण्याने १० टक्के पाणी बदललं. वाढ किती? ०.१४. पाणी बदलणं इतर कारणांसाठी हवंच, पण हा खड्डा त्याने भरत नाही. नव्या सॉल्टच्या पाण्याचीही अल्कलिनिटी मोजा. काही सॉल्ट मुद्दाम चढ्या अल्कलिनिटीचे बनवलेले असतात. ब्रँड बदलून एकदम अर्धी टाकी बदललीत तर तोही झटकाच.

पडलेला आकडा वर कसा आणायचा?

दिवसाला अर्धा डीकेएच. फार तर एक, त्याच्या वर नाही. कोरल ७.५ वरही जगतं आणि ९.५ वरही जगतं. एका रात्रीत ७.५ चं ९.५ झालं तर मात्र त्याला सोसत नाही.

काकांच्या टाकीत दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं. रोज सकाळी २.४ ग्रॅम सोडा. त्यातला थोडा रोजच्या खर्चात जायचा, म्हणून ६ वरून ८.४ ला यायला आठ दिवस लागले. मग थांबून खर्च काढला, आणि तेव्हापासून रोज १ ग्रॅम. काकांनी बँकेसारखी वही घातली : तारीख, वेळ, आकडा, डोस. झोअँथिड हळूहळू उघडले. ती टाकी आजही माझ्या सर्व्हिसला आहे.

दुकान टाकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी

पहिली, कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे हार्ड कोरल आहेत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना दिसलेला प्रवाळाचा तुकडा खिशात घालणंही गुन्हा आहे. मी हार्ड कोरल ठेवत नाही. सॉफ्ट कोरल घेतानाही कागद बघूनच घेतो. कोणी "स्वस्तात देतो, बिल नाही" म्हटलं तर हात जोडा आणि निघा.

दुसरी, विक्रीची. नवीन मरीन गिऱ्हाईक आलं की त्याला पहिल्या दिवशी डोसिंगची बाटली विकू नका. टेस्ट किट विका, छोटा वजनकाटा घ्यायला लावा, आणि समोर बसवून एकदा त्याच्याच हाताने टेस्ट करून घ्या. अर्धा तास जातो. त्या दिवशी गल्ला कमी भरतो, हे मान्य. पण ज्याची टाकी सहा महिने टिकते, तोच पुढे लाइट घेतो, स्किमर घेतो, मोठी टाकी घेतो. ज्याची मरते, तो टाकी ऑनलाइन विकून मोकळा होतो आणि चार जणांना तुमचं नाव सांगतो. चांगल्या अर्थाने नाही.

आणि सर्व्हिसला जाल तेव्हा आकडा कमी दिसला की लगेच बाटली उघडू नका. आधी विचारा : गेल्या महिन्यात काय बदललं? पाणी कधी बदललं? सॉल्ट तोच आहे का? घरी कोण नव्हतं? काकांना मी हे विचारलं असतं, तर ते लेदर कोरल आज हातभर मोठं असतं.

पुढच्या व्हिडिओत एक टेस्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेऱ्यासमोर करून दाखवतो. तोपर्यंत तुमच्याकडे टाकी असेल तर आजपासून वही घाला. प्रश्न असतील तर खाली लिहा, आणि लिहिताना टाकीचं माप आणि शेवटचे दोन आकडे तारखेसकट द्या, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल.

भेटूया!