लढाऊ विमानांची सदृशीकरणाद्वारे तुलना

दोन लढाऊ विमानांची कार्यक्षमता व डावपेच सिम्युलेटर या यंत्रावर गणितीय प्रतिकृतींच्या साहाय्याने पडताळून पाहण्याची पद्धत. तीत दोन्ही विमानांची उंची, आरंभीचा वेग व इंधनाचे प्रमाण समान ठेवून त्यांचा चढाईचा वेग, प्रवेग व वळणाचा दर ताडून पाहतात. पंखांच्या एकक क्षेत्रफळावर पडणाऱ्या वजनास पंखभार म्हणतात. तो कमी असल्यास विमान लहान त्रिज्येत वळते. असे विमान वळणयुद्धास अनुकूल असते. प्रणोद अधिक व हवेचा अवरोध कमी असलेल्या विमानाने मात्र वरून झडप घालून पुन्हा उंची गाठणे हितावह ठरते.

भारताचे मिग-२१ व पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर ही दोन्ही विमाने ध्वनीच्या सु. दुप्पट वेगाची होती. ओझर (जि. नासिक) येथे बांधल्या जाणाऱ्या मिगच्या पंखांचे क्षेत्रफळ सु. २३ चौ. मी., तर स्टारफायटरचे सु. १८ चौ. मी. होते. त्यामुळे वळणात मिग सरस, तर सरळ धावेत स्टारफायटर प्रबळ होते. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी मिगमधून एक स्टारफायटर पाडले.

अशा लढतीत शत्रू प्रथम कोणास दिसला, कोणाचे इंधन संपत आले होते, यांवरही निर्णय अवलंबून असतो. तीव्र वळणात वैमानिकाच्या दृष्टीपुढे येणारी अंधारी जमिनीवरील सामान्य सिम्युलेटरमध्ये अनुभवास येत नाही. म्हणून सदृशीकरणाने विमानांचे बलाबल कळते. लढाईचा निकाल मात्र त्यावरून निश्चित सांगता येत नाही.