बेस पारखण्याची रीत

बेस गिटार घ्यायला दुकानात गेलेला वादक बहुतेकदा असं करतो. भिंतीवरचा आवडलेला बेस उतरवून घेतो, हाताशी असलेल्या अ‍ॅम्पला लावतो आणि दहा मिनिटं वाजवतो. मग दुसरा बेस घेतो. तोवर पहिल्या अ‍ॅम्पवर कुणीतरी बसलेलं असतं, म्हणून हा दुसरा पलीकडच्या अ‍ॅम्पला लावतो. दुसरा जास्त भरदार वाटतो आणि पैसे मोजले जातात. पण भरदार नेमकं काय होतं? बेस, अ‍ॅम्प, की अ‍ॅम्पमागचा कोपरा? घरी आल्यावर तोच बेस पोकळ वाजतो आणि खापर वाद्यावर फुटतं.

हे टाळायला ज्ञानापेक्षा शिस्त जास्त लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. बेस पारखत असाल तर अ‍ॅम्प तोच ठेवा, अ‍ॅम्प पारखत असाल तर बेस तोच ठेवा. पुढचं सगळं या एका नियमातूनच निघतं.

## खर्ज आणि खोली

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार ई. ती मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात, म्हणजे साध्या गिटारच्या जाड ई तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. पाच तारांच्या बेसवर बी तार ३१ पर्यंत उतरते. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास येते आणि दुकानातली खोली बहुधा त्याहून लहान असते. ही लहर भिंतींवरून परतते, स्वतःलाच कुठे वाढवते तर कुठे मारते. तुम्ही दोन पावलं मागे सरकलात तरी एखादा स्वर फुगतो आणि शेजारचा बारीक होतो. अ‍ॅम्प कोपऱ्यात असला की खर्ज आपोआप चढतो.

म्हणून अ‍ॅम्पची जागा ठरवा आणि आपलीही. फरशीवरची एक लादी पकडा आणि प्रत्येक वेळी तिच्यावरच उभे राहा. छोटा अ‍ॅम्प पायाशी ठेवू नका. वरचे स्वर सरळ रेषेत जातात, ते गुडघ्यांवर आदळून संपतात आणि कानापर्यंत नुसती घुमघुम पोहोचते. अ‍ॅम्प स्टुलावर ठेवा किंवा मागे कलता करा.

## सोबत काय न्यावं

आपली केबल, ट्यूनर, पट्टा आणि एक वही न्या. सध्या वाजवता तो बेसही नेता आला तर उत्तम. त्याचा आवाज कानाला पाठ असतो, त्यामुळे अनोळखी अ‍ॅम्प आणि खोली त्यात काय भर घालतात ते लगेच कळतं.

काय वाजवायचं तेही घरूनच ठरवून न्या:

- चारही तारा एकेक करून मोकळ्या छेडायच्या आणि आस विरेपर्यंत थांबायचं.
- ई तारेपासून एक सप्तक चढायचं, प्रत्येक स्वर सारख्या जोरानं.
- रोजच्या गाण्यातला एक ठेका आधी हळुवार, मग जोर लावून.
- जी तारेवर बाराव्या फ्रेटच्या वरचे स्वर.

प्रत्येक बेसवर हेच, याच क्रमानं वाजवा. बोट तारेवर कुठे पडतं तेही सारखं असू द्या. ब्रिजजवळ छेडलं की आवाज कडक होतो आणि नेककडे सरकलं की गोल. हा फरक तुमच्या हाताचा आहे, तो वाद्याच्या खात्यात मांडला जाऊ नये.

## आधी आवाज सारखा करा

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा एक ड्रमवादक मित्र दोन बेस समोर घेऊन बसलो होतो. एक पॅसिव्ह, दुसरा बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह. अ‍ॅक्टिव्ह लावला की टेबलावरच्या बाटलीतलं पाणी थरथरायचं. तासभर मी तोच चांगला म्हणत होतो. मित्र उठला, अ‍ॅक्टिव्ह बेस लावलेला असताना त्यानं अ‍ॅम्पचा आवाज इतका खाली आणला की पाणी पहिल्या बेसइतकंच हलावं, आणि मला दोन्ही पुन्हा वाजवायला सांगितलं. पंधरा मिनिटांत माझं मत फिरलं. मला आवडत होता तो निव्वळ जास्तीचा आवाज. पातळी जुळल्यावर पॅसिव्हचे मधले स्वर स्वच्छ ऐकू आले, आणि ड्रमच्या गजरात तेच टिकणार होते.

यामागे कानाची घडण आहे. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रयोगांतून दाखवलं की आवाज लहान असताना कानाला खर्ज फार कमी जाणवतो. आवाज वाढेल तसा तो इतर स्वरांच्या बरोबरीला येतो. म्हणजे जो बेस जरा मोठ्यानं वाजतो, तो काहीही न करता भरदार ठरतो. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपचा आकडा ढोबळ असतो, पण ठरलेल्या लादीवर उभं राहून दोन वाद्यांची पातळी जुळवायला तो पुरतो.

## अ‍ॅम्प न लावता

बेस पट्ट्यावर लटकवून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. हेडकडची बाजू खाली झुकली, तर पुढची सगळी वर्षं तुमचा डावा हात ते ओझं पेलणार. वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असतं. तासाभराच्या कार्यक्रमात अर्धा किलोही खांद्याला कळतो.

मग न लावताच वाजवा, प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट. तानपुऱ्याला जवारी शोभते. इथे तार फ्रेटवर घासून झणझणली तर कुठे आणि किती, ते वहीत लिहा. सगळीकडे थोडी झणझण असेल तर नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवून ती जाते. एकाच फ्रेटवर असेल तर फ्रेट वर आलेला किंवा झिजलेला असू शकतो. बाक पाहायला तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, अगदी बारीक फट दिसायला हवी.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान कान देऊन ऐका. अनेक बेसवर तिथला एखादा स्वर चटकन मरतो, कारण नेक स्वतःच त्या कंपनाला साथ देऊन त्याची शक्ती खाऊन टाकते. हा दोष लाकडाच्या घडणीतला असल्यामुळे साध्या जुळवणीनं जात नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर ब्रिजवरची खोगिरं मागेपुढे करून घ्यावी लागतात.

## तीन घराणी

बाजारातल्या बहुतेक बेसचा वंश तीन वाद्यांपाशी पोहोचतो, आणि तिन्हींमागे लिओ फेंडर यांचा हात आहे. पहिला प्रिसिजन, १९५१ सालचा. मोठ्या डबल बेसवर स्वराची जागा अंदाजानं पकडावी लागे. फ्रेट असल्यानं इथे ती नेमकी सापडते, नाव त्यावरूनच पडलं. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप आला, जो गुणगुण स्वतःच रद्द करतो. आवाज ठोस, मधल्या स्वरांत भक्कम.

दुसरा जॅझ बेस, १९६० सालचा. दोन पिकअप, आणि नटपाशी नेक अरुंद, साधारण ३८ मिलिमीटर. प्रिसिजनची ४१ च्या पुढे. लहान पंजाच्या वादकाला हा फरक पहिल्या मिनिटात जाणवतो. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतील तर गुणगुण मिटते. एक कमी केला की आपल्या विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण डोकावते. ती दुकानातच ऐकून घ्या.

तिसरा म्युझिक मॅनचा स्टिंगरे, १९७६ सालचा: एक मोठा हमबकर, सोबत बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प, आवाज झगझगीत. असा अ‍ॅक्टिव्ह बेस पाहताना नवी बॅटरी मागून घ्या, कारण उतरलेल्या बॅटरीवर आवाज फाटतो. वाजवून झालं की केबल काढायची सवयही लावा. ती खोचलेली असते तोवर बॅटरी खर्च होत राहते.

या तिघांत तारेची लांबी ३४ इंच. पॉल मॅकार्टनी यांच्या हातात दिसणारा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंचांचा. तार आखूड असली की ताण कमी पडतो, बोटांना सोपं जातं आणि स्वर जरा मऊ, जाडसर येतो. नवशिक्या मुलांसाठी हा मार्ग जरूर तपासावा.

## तारांचा हिशेब वेगळा

दोन बेसची तुलना करताना अनेकदा आपण खरं तर दोन तारांची तुलना करत असतो. नव्या राउंडवाउंड तारा चमकदार वाजतात, हाताचा घाम लागून जुन्या झालेल्या मंद. फ्लॅटवाउंड तारांचा आवाज गोल आणि लवकर विरणारा. मोटाउनच्या गाण्यांत जेम्स जेमरसन यांनी प्रिसिजनवर त्याच वापरल्या होत्या. म्हणून तारा कोणत्या आणि किती जुन्या ते विचारा आणि बेसच्या नावापुढे लिहून ठेवा. तारा बदलता येतात. त्यांच्यापायी चांगलं लाकूड हातचं जाऊ देऊ नका.

## अ‍ॅम्पची परीक्षा

आता उलट करा: बेस एक, अ‍ॅम्प अनेक. सगळी बटणं मध्यावर ठेवून सुरुवात करा. मात्र मध्य म्हणजे तटस्थ असं प्रत्येक अ‍ॅम्पवर नसतं, जुन्या धाटणीच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर तर बऱ्याचदा नसतं. म्हणून मग प्रत्येक बटण एकेक करून टोकापर्यंत फिरवा. चांगल्या अ‍ॅम्पवर मधल्या स्वरांचं बटण सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

वॉटच्या आकड्यानं दिपून जाऊ नका. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. १०० आणि २०० वॉटमधला फरक त्यामुळे लहान असतो. स्पीकर किती आणि कॅबिनेट केवढं, यानं जास्त फरक पडतो. अ‍ॅम्पेगचा १९६० सालचा बी-१५ एका १५ इंची स्पीकरवर चाले आणि स्टुडिओंचा लाडका ठरला. त्याच कंपनीनं १९६९ मध्ये आणलेला एसव्हीटी ३०० वॉटचा, १० इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट पेलणारा. तो मोठ्या मैदानांसाठी होता. आजचे क्लास डी हेड हातात मावतात आणि तितकी ताकद देतात, म्हणून पाठीवर वाद्य घेऊन लोकलनं फिरणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे.

हेड आणि कॅबिनेट वेगळे असतील तर ओहम पाहा. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात. हेडवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. ट्रान्झिस्टरवर किंवा क्लास डीवर चालणारं हेड ८ ओहमवर आपली पूर्ण ताकद देत नाही, त्यामुळे दोन हेडची तुलना एकाच कॅबिनेटवर व्हायला हवी. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीच चालू करू नका. आणि बेस साध्या गिटार अ‍ॅम्पला लावून मोठ्यानं वाजवू नका, त्याचा स्पीकर खर्जाचे हेलकावे सोसत नाही.

घरी सरावासाठी हवा असेल तर अगदी लहान आवाजात अ‍ॅम्प कसा लागतो ते ऐका आणि हेडफोनची सोय पाहा. कार्यक्रमासाठी हवा असेल तर मिक्सरकडे थेट जाणारी जोडणी आहे ना ते तपासा. मोठ्या मंचावर श्रोते बहुधा तीच ऐकतात.

## सोबतीत ऐका

बेस एकटा ऐकायला गोड वाटावा म्हणून आपण वरचे आणि खालचे स्वर वाढवतो, मधले कापतो. ड्रम आणि गिटार सुरू झाले की हाच बेस नाहीसा होतो, कारण खालची जागा मोठ्या ड्रमनं घेतलेली असते आणि वरची झांजांनी. स्वर कोणता चालला आहे हे ऐकणाऱ्याला मधल्या पट्ट्यातूनच कळतं. दुकानात बँड नसतो, पण फोनवरून ड्रमचा ठेका आणि एखादं ओळखीचं गाणं स्पीकरवर लावता येतं. त्याच्या सोबत पाच मिनिटं वाजवा. बोटांना ठेक्यात बसायला त्रास होत नसेल आणि प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येत असेल, तर वहीत मोठी खूण करा.

## निर्णय घरी

बदलता येण्याजोग्या गोष्टी आधी बाजूला काढा. तारा, तारांची उंची, बाक, ब्रिजची जुळवणी, थोडा खर्च करून पिकअपसुद्धा बदलता येतात. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दमट हवेनं नेक थोडी हलते आणि उन्हाळ्यात परत येते, त्यामुळे वर्षातून दोनदा जुळवणी करून घ्यावीच लागते. नेकची जाडी, वजन, तोल आणि मरणारा स्वर मात्र जसे आहेत तसेच घरी येतात. निर्णय यांच्यावर घ्या.

आणि तो दुकानात घेऊ नका. तुमच्यासोबत आलेल्याला प्रत्येक बेसचं तेच चार मिनिटांचं वाजवणं फोनवर ध्वनिमुद्रित करायला सांगा, फोन एकाच जागी ठेवून. नावं त्याच्याकडे राहू देत, तुम्हाला फक्त क्रमांक मिळावेत. रात्रीची झोप झाल्यावर हेडफोन लावून ऐका आणि पसंतीचा क्रम लिहा. संध्याकाळी क्रमांक फिरवून पुन्हा ऐका. दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. तिन्ही वेळा तोच बेस वर आला, तर मित्राला त्याचं नाव विचारा आणि पुन्हा दुकानात जाऊन नेमका तोच नग घ्या. त्याच मॉडेलचा शेजारचा नग नको. लाकूड वेगळं असतं, आणि तो तुम्ही ऐकलेला नसतो.