पोरगा ‘कंपनीत’ आहे, म्हणजे कुठे?

बचत गटाच्या बैठकीत कुणी विचारलं, “पोरगा काय करतो?” तर उत्तर ठरलेलं असतं, “पुण्याला कंपनीत आहे.” पण त्याला कामावर कुणी घेतलं, पगार कोण देतं, हे आपण विचारत नाही.

शेतातलं काम आपल्याला कळतं. साल घातलं तर वर्षाचा करार, रोजानं गेलं तर दिवसाची हजेरी, गुत्तं घेतलं तर काम तेवढे पैसे. शहरातलं कामही असंच ओळखता येतं. कायम नोकरीत कंपनी स्वतः पगार देते. ठेकेदारीत कारखाना एकाचा आणि पगार दुसऱ्याचा. मोबाइलवर ऑर्डर घेऊन जेवण, किराणा पोचवायचा, हे तर सरळ गुत्तं. गाडी आपली, पेट्रोल आपलं. ऊसतोडीला मुकादम समोर तरी असतो, भांडता येतं. इथे मुकादम मोबाइलमध्ये बसलाय.

आमच्या गटातल्या एका ताईनं मुलाच्या गाडीसाठी गटातून कर्ज काढलं. पहिले महिने बरे गेले. पावसाळ्यात गाडी घसरली, पाय मोडला, पोरगा दोन महिने घरी. कमाई शून्य, हप्ता मात्र चालूच. ताईनं तो कापूस वेचून फेडला. हप्ता ठरलेला आणि कमाई न ठरलेली, हा हिशोब आम्ही कर्ज देताना मांडलाच नव्हता. चूक आमचीही होती.

हे फक्त आपल्याकडेच नाही. जपानसारख्या श्रीमंत देशात १९९० नंतर मंदी आली आणि कायम नोकऱ्या घटल्या. शिकलेली पोरंपोरी दुकानांत, हॉटेलांत तासावर राबू लागली. त्यांना तिथे ‘फ्रीटर’ म्हणतात. लोक आधी म्हणाले, पोरंच आळशी. पण अनेकांची लग्नं लांबली, म्हातारपणाची सोय झाली नाही, तेव्हा कळलं की दोष एकट्या पोरांचा नव्हता. आता १ नोव्हेंबर २०२४ पासून तिथे स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी कायदा आहे. अटी आधी नोंदवून द्यायच्या आणि पैसे ६० दिवसांच्या आत द्यायचे.

आपल्याकडे नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये असं काम करणारे ७७ लाख होते. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कंपन्यांनी उलाढालीतला १ ते २ टक्के वाटा या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावा, असं त्यात आहे. पण ज्याची नोंद नाही, त्याच्यापर्यंत लाभ पोचणार कसा?

म्हणून पोरगा किंवा पोरगी घरी आली की चार गोष्टी विचारा.

एक, नेमणुकीचा कागद आहे का? त्यावर नाव कंपनीचं की ठेकेदाराचं? ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पण तिथे काम केल्याचा पुरावा लागतो.

दोन, पीएफ कापतात का? कापत असतील तर पासबुक मोबाइलवर दिसतं. कापलेले पैसे खरंच भरलेत का, ते बघा.

तीन, पीएफ नसेल तर ई-श्रम कार्ड काढलं का? नोंदणी मोफत आहे.

चार, अपघात विमा आहे का? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जातात. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख मिळतात. पाय मोडून घरी बसलं तर मात्र त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी वेगळी शिल्लक हवीच.

आमच्या गटानं आता ठरवलंय. गाडीसाठी कर्ज मागितलं, तर आधी तीन हप्त्यांइतकी बचत बाजूला दाखवायची. तुमच्या गटात काय ठरतं, ते आम्हाला जरूर कळवा.