खुराडे एका रात्रीत ओस पडते तेव्हा

खानापूर तालुक्याच्या बाजूस म्हणा किंवा बेळगावच्या पश्चिमेकडील वाड्यांत म्हणा, ज्याच्या परसात खुराडे नाही असे ख्रिस्ती घर आमच्या या सीमाभागात क्वचितच आढळेल. घरची गुरे घरधन्याची, शेत भावाभावांचे. परंतु परसातील आठ-दहा कोंबड्या मात्र निखालस घरच्या बाईच्या. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या येतात, औषधाची बाटली येते, आणि नाताळात पाहुणा आला तर त्याच्या पानात रस्सा पडतो तोही त्याच खुराड्यातून. या मिळकतीचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. म्हणूनच ती एकाएकी बुडाली तर पुरुषमंडळींच्या ते सहसा ध्यानातही येत नाही. बाई मात्र दोन दिवस नीट जेवत नाही.

संध्याकाळी कोंबड्या पोटभर दाणे टिपून खुराड्यात शिरतात. सकाळी दार उघडावे तो दोन-तीन पाय ताणून पडलेल्या, एखादी कोपऱ्यात पंख सोडून पेंगत असलेली. दुपारपर्यंत तीही जाते. अंगावर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही, काल आजाराचे काही चिन्ह नव्हते. चार दिवसांत खुराडे ओस. गावभाषेत याला ‘मर आली’ म्हणतात, आणि एवढे म्हणून झाले की बहुतेक ठिकाणी विचार थांबतो. काही ठिकाणी तो थांबत नाही, भलतीकडे वळतो. आणि हे दुसरे अधिक वाईट.

मागे आमच्या धर्मग्रामातील एका घरी अशीच अकरा पाखरे चार दिवसांत गेली. शेजारी एक वृद्ध विधवा राहते. तिचे आणि या घराचे वईवरून जुने भांडण. सून आमच्याकडे येऊन म्हणाली, “फादर, दुसरे काही नाही, तिने दाण्यांत काहीतरी कालवून टाकले.” सासूचे मत निराळे होते : “औषध कशाला हवे तिला? तिची नजरच तशी आहे.” प्रकरण पंचांपर्यंत नेण्याची भाषा सुरू झाली होती. आम्ही एवढेच विचारले की, बाजारातून नवे पाखरू कधी आणले, शेजारणीच्या कोंबड्या कशा आहेत, आणि मेलेल्यांपैकी एखादे अजून हाती आहे काय? उत्तरे ऐकण्यासारखी होती. आठवड्यापूर्वीच एक देखणा तरणा कोंबडा बाजारातून आणून त्याच संध्याकाळी इतरांत सोडला होता. मेलेली पाखरे उकिरड्यावर फेकली होती. आणि शेजारणीची चौकशी केली तेव्हा कळले की तिच्याही चार कोंबड्या आदल्या दिवसापासून मरत होत्या. आपल्यावरच बालंट येईल या भीतीने तिने ते कोणाला सांगितले नव्हते. जी बाई विष घालते ती आपल्याही खुराड्यात घालील काय?

शेवटची मेलेली कोंबडी घरच्या मुलाने पिशवीत बांधून गुरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती उघडली. पोटाच्या आतील अस्तरावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले, आणि ते म्हणाले, बहुधा राणीखेत. पक्के निदान प्रयोगशाळेत होईल. ते पुढे तसेच ठरले.

राणीखेत हे कुमाऊंच्या डोंगरातील एक थंड हवेचे गाव. तेथे १९२७ साली कोंबड्यांत ही साथ उठली आणि गावाचे नाव कायमचे रोगाला चिकटले. त्या बिचाऱ्या गावाचा त्यात काय दोष? वास्तविक त्याच्या आदल्याच वर्षी, १९२६ साली, जावा बेटात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या परिसरात हाच रोग आढळला होता, म्हणून परदेशांत तो न्यूकॅसलच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे त्याचा अभ्यास मुक्तेश्वर येथील सरकारी संस्थेत एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी केला. ही संस्था मुळात १८८९ साली पुण्यात निघाली व १८९३ मध्ये हिमालयात नेली गेली, हे आपल्या मराठी वाचकांना ठाऊक असलेले बरे. मराठी मुलखात या रोगाला ‘मानमोडी’ म्हणतात, आणि नाव अगदी समर्पक आहे; कारण जे पाखरू लगेच मरत नाही त्याची मान पिळल्यासारखी वाकडी होते, ते गोल गोल फिरते, मागे सरकते.

हा रोग विषाणूचा आहे. रोगी पाखराच्या विष्ठेतून, नाकातोंडातील पाण्यातून तो बाहेर पडतो आणि दाणापाण्यावाटे, डालग्यावाटे, माणसाच्या वहाणांवाटेही घरोघर जातो. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच-सहा दिवस जातात. कधी दोनच, तर कधी पंधरा. बाजारातील तो तरणा कोंबडा म्हणूनच आणताना तुकतुकीत दिसला. पुढे हिरवट पातळ हगवण, चोच उघडून घरघरत श्वास घेणे, पंख लुळे पडणे ही चिन्हे येतात. पण विषाणू जहाल असला तर चिन्हे दिसण्यापूर्वीच प्राण जातो, आणि लस न टोचलेल्या कळपात शंभरांतील नव्वदांहून अधिक पाखरे मरू शकतात. ‘काही कारण नसताना मेली’ असे वाटते ते यामुळे. यावर औषध नाही. हळद, लसूण किंवा औषधाच्या दुकानातून आणलेल्या माणसांच्या गोळ्या यांनी विषाणू हटत नाही. पैसे मात्र जातात.

तथापि प्रत्येक मर ही मानमोडी असते असे समजू नये. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खुराड्यात कोंडलेल्या कोंबड्या भर दुपारी मरतात. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकून ती अंग निववते, आणि तेही न जमले की मरते. पेरणीच्या दिवसांत कीटकनाशक चोळलेले बी किंवा उंदरांसाठी मांडलेले विष खाऊनही काही तासांतच पाखरे पडतात. अशा वेळी सहसा हिंडती पाखरेच मरतात, डालग्याखाली झाकलेली पिल्ले वाचतात. आणि बी शेजाऱ्याच्या पोत्याइतकेच आपल्याही पोत्यातून सांडलेले असू शकते. सुक्या मासळीचे खारट पाणी परसात ओतू नये, त्यानेही कोंबड्या मरतात. बुरशी आलेली शेंगपेंड तर फारच वाईट : १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, त्याचे मूळ शेवटी बुरशी लागलेल्या शेंगपेंडीत सापडले. मुंगूस किंवा उदमांजर आले असेल तर मानेवर दातांच्या खुणा राहतात. चांगल्या धष्टपुष्ट कोंबड्या रात्रीतून खुराड्यातच मरून पडल्या तर जंतूंमुळे होणारा कोंबड्यांचा कॉलराही असू शकतो. लुई पाश्चर यांनी १८८० साली दुर्बल केलेल्या जंतूंची लस प्रथम याच रोगावर यशस्वी करून दाखविली. तेव्हा लसीकरणाच्या विद्येवर परसातील कोंबडीचे मोठे ऋण आहे.

आणि उकिरडा. मेलेले पाखरू उकिरड्यावर टाकले की त्यात किडे पडतात. जिवंत कोंबड्या ते किडे मिटक्या मारीत खातात, आणि कुजक्या मांसातील विषाने त्यांच्या माना लुळ्या पडून त्याही मरतात. पहिली मर संपली असे वाटत असतानाच दुसरी सुरू होते ती पुष्कळदा अशी. मेलेली पाखरे विहिरीपासून दूर, दोन-तीन हात खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. त्यांतील अगदी नुकतेच मेलेले एक मात्र दुहेरी पिशवीत घट्ट बांधून, जमल्यास बर्फाजवळ ठेवून, त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवावे. बर्फात दगडासारखे गोठवू नये, तपासणीत अडचण येते.

हे काम मुलांकडून करवून घेऊ नये, आणि उघड्या हातांनी तर कोणीच करू नये. राणीखेतीपासून माणसाला फार तर डोळे येतात. पण फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आपल्या देशात प्रथम बर्ड फ्लू आढळला, आणि तोही असाच अचानक मारतो. कधी तोंड सुजते, तुरा निळा-काळा पडतो, कधी काहीच दिसत नाही. डोळ्यांनी पाहून हा कोणता आणि तो कोणता हे खात्रीने सांगता येत नाही; संशय आल्यास डॉक्टरही नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेकडे पाठवितात. या रोगाने २०२१ साली देशात पहिला मानवी बळी घेतला. म्हणून पाखरे झपाट्याने मरू लागली की दवाखान्यास कळविणे हे कर्तव्य आहे. सरकार कोंबड्या नेईल या भीतीने लपवून ठेवणारे आहेत हे आम्ही जाणतो. पण सरकारी आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल भरपाईची तरतूद आहे.

आता थोडे कठोर बोलतो. मर सुरू झाली की ‘उरलेल्या दोन-चार तरी बाजारात काढाव्यात’ असा विचार चांगल्या चांगल्या घरांत येतो. दारिद्र्य काय असते हे आम्हांस कळत नाही असे नव्हे. परंतु त्या बाजारात कोंबडी घेणारी बाईही आपल्या अंड्यांच्या पैशांतूनच ती घेते, आणि आठवड्याने तिचे खुराडे ओस पडते. आमच्या धर्मग्रामात आलेला तो तरणा कोंबडाही कोणीतरी असाच विकला असला पाहिजे. रोगी पाखरू निरोगी म्हणून विकणे याला चोरी हेच नाव आहे, आणि पापनिवेदनाला येणाऱ्याने ते ‘व्यवहार’ म्हणून गाळू नये. उरलेली पाखरे घरीच कोंडून ठेवावीत. मरू घातलेले पाखरू कापून खाऊही नये.

उपाय एकच, लस. पण ती आधी द्यावयाची असते. कळपात रोग शिरल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, महिन्याच्या सुमारास पुन्हा, आणि दोन महिन्यांनंतर सुई. ही सुईची लस जोरकस असते, ती लहान पिल्लांना देऊ नये. मोठ्यांना पुन्हा केव्हा, ते डॉक्टर सांगतील. लस बर्फावर आणावी लागते, उन्हात नासते, आणि एकदा कालवली की सुमारे दोन तासांत संपवावी लागते.

येथेच खरी अडचण आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पाखरांची लस असते, आणि एका घरी कोंबड्या दहा. दहांसाठी कुपी फोडून उरलेली फेकावी असे कोणालाच परवडत नाही, म्हणून कोणीच फोडत नाही. दहा घरांनी एकाच सकाळी पाखरे आणली तर प्रत्येकाला खर्च नाममात्र येतो. शिवाय मधले एक घर वगळले तर रोग तेथे घर करून बसतो. वरील वाडीत नावे लिहून घ्यावयास बसलो तेव्हा त्या सासूबाईंना हे कळावयास थोडा वेळ लागला. शेवटी यादीत शेजारणीचे नाव त्यांनीच सांगितले, फार हळू आवाजात.

ज्यांची खुराडी ओस पडली त्यांनी जुना गोठा-गवत जाळावे, चुना फासावा, दारे उघडी टाकून ऊन लागू द्यावे आणि निदान महिनाभर नवी पाखरे आणू नयेत. आणल्यावरही दोन-तीन आठवडे ती घराच्या दुसऱ्या बाजूस वेगळी ठेवावीत. लशीची तारीख दवाखान्यातून कळली की मिस्सेनंतरच्या सूचनांत ती आम्ही वाचून दाखवू. कोंबड्या मात्र आदल्या संध्याकाळीच ज्याच्या त्याने कोंडून ठेवावयाच्या आहेत, कारण सकाळी मोकळी सुटलेली गावठी कोंबडी पकडणे डॉक्टरांच्याने होत नाही, आणि आमच्याने तर नाहीच नाही.