हिशेबपत्रकातील नावे आणि कुलपे

शेतीतील बहुतेक नोंदी आता वहीऐवजी संगणकावरील हिशेबपत्रकात होऊ लागल्या आहेत. गावाची खतांची मागणी, बियाण्याचे वाटप, शेतकरी गटाचा जमाखर्च यांसाठी एक्सेलसारखी साधने सर्रास वापरली जातात. वहीत खाडाखोड झाली तर ती डोळ्यांना दिसते. हिशेबपत्रकात मात्र एखाद्या सूत्रावर चुकून आकडा टंकला गेला तरी पान पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते आणि बेरीजही बिनचूक भासते. म्हणून ज्या पत्रकाला अनेकांचे हात लागतात, त्यात दोन गोष्टी अवश्य कराव्यात. महत्त्वाच्या आकड्यांना नावे द्यावीत आणि सूत्रांना कुलूप लावावे.

चूक कशी शिरते?

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाचे उदाहरण घेऊ. या पिकास हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. प्रत्यक्षात मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी. युरियात 46 टक्के नत्र, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद व म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश असते. पत्रकाच्या माथ्यावर बी2, बी3 व बी4 या सेलमध्ये तीन मात्रा आणि बी5, बी6 व बी7 मध्ये ही तीन प्रमाणे याच क्रमाने लिहिली आहेत. दहाव्या ओळीपासून शेतकऱ्यांची नावे सुरू होतात. बी रकान्यात प्रत्येकाचे क्षेत्र आणि सी रकान्यात त्यास लागणारा युरिया आहे.

पहिल्या शेतकऱ्यासाठी सी10 मध्ये ‘बी10 गुणिले बी2 भागिले बी5’ असे सूत्र लिहिले. क्षेत्र एक हेक्टर असल्यास उत्तर 261 किलो येते, व ते बरोबर आहे. हेच सूत्र खालच्या ओळींत उतरविले की सर्व पत्ते एकेक ओळ खाली सरकतात. दुसऱ्या ओळीत बी2 च्या जागी बी3 व बी5 च्या जागी बी6 येते आणि उत्तर 375 किलो मिळते. हा आकडा वस्तुतः सुपर फॉस्फेटचा आहे. तिसऱ्या ओळीत 67 किलो येते. तो पोटॅशचा आकडा आहे. तिघांचेही क्षेत्र सारखेच, पण एकाला योग्य, दुसऱ्याला जादा व तिसऱ्याला अपुरा युरिया लिहिला जातो. यंत्र याबद्दल कोणतीही सूचना देत नाही.

नाव देण्याची रीत

बी2 सेल निवडावा. सूत्रपट्टीच्या डाव्या टोकास असलेल्या लहान चौकटीत ‘नत्र_मात्रा’ असे नाव लिहून एंटर कळ दाबावी. त्याचप्रमाणे बी5 ला ‘युरिया_नत्र’ हे नाव द्यावे. आता सूत्र ‘बी10 गुणिले नत्र_मात्रा भागिले युरिया_नत्र’ असे होते. असे दिलेले नाव एकाच जागेशी बांधलेले असते, त्यामुळे सूत्र कितीही ओळी खाली उतरविले तरी ते सरकत नाही. पत्त्यात डॉलरचे चिन्ह घालूनही हे साधते. परंतु नावाचे सूत्र वाचता येते, व दुसऱ्या कार्यकर्त्यास ते तपासता येते.

येथे नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत; पत्रकात ती रोमन लिपीत ठेवावीत. नावात मोकळी जागा सोडू नये; शब्द अधोरेषेने जोडावेत. नाव सेलच्या पत्त्यासारखे दिसणार नाही, हेही पाहावे. ‘डीएपी20’ किंवा ‘एसएसपी16’ ही रोमन अक्षरांतील नावे एक्सेल स्वीकारत नाही, कारण त्या पत्त्यांचे सेल त्यात खरोखरच असतात. ‘डीएपी_दर’ असे नाव चालते.

गोणीचे वजन बदलले तेव्हा

नावाचा आणखी एक लाभ आहे. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची असे; 2018 पासून ती 45 किलोची झाली. ज्या पत्रकात सूत्रांच्या पोटातच ‘भागिले 50’ असे लिहिलेले असेल, त्यात हेक्टरी 5.22 गोण्यांचीच मागणी निघत राहते. तेवढ्या नव्या गोण्यांतून केवळ 235 किलो युरिया मिळतो. 26 किलो कमी पडतो. म्हणजे हेक्टरी 12 किलो, अर्थात शिफारशीच्या एक दशांश, नत्र पिकास मिळत नाही. वजन एका सेलमध्ये लिहून त्यास ‘गोणी_वजन’ हे नाव दिले असते, तर एकच आकडा बदलून सर्व पत्रक दुरुस्त झाले असते.

सेलप्रमाणे सेलच्या समूहासही नाव देता येते. क्षेत्राच्या सर्व ओळी निवडून त्यांना ‘क्षेत्र’ असे नाव द्यावे व बेरीज त्या नावाने करावी. समूहाच्या मध्ये घातलेली नवी ओळ आपोआप त्यात येते. शेवटच्या ओळीखाली लिहिलेली मात्र बाहेर राहते. म्हणून समूहाच्या अखेरीस एक कोरी ओळ राखावी व नवी नोंद तिच्या वर घालावी. ही चूक विद्वानांसही चुकलेली नाही. राइनहार्ट व रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या 2010 च्या प्रसिद्ध निबंधातील एका सरासरीत 30 ते 49 ऐवजी 30 ते 44 एवढ्याच ओळी घेतल्या गेल्या व पाच देश वगळले गेले. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील अभ्यासकांनी मूळ पत्रक तपासले, तेव्हा ते उघड झाले.

कुलूप लावण्याची रीत

एक्सेलमधील प्रत्येक सेलवर कुलपाची खूण मुळातच असते, पण पत्रक संरक्षित करीपर्यंत ती निष्क्रिय राहते. त्यामुळे थेट संरक्षण लावल्यास संपूर्ण पत्रकच बंद होते व कोणासच नोंद करता येत नाही. योग्य क्रम असा आहे:

1. शेतकऱ्याचे नाव, क्षेत्र इत्यादी भरावयाचे सेल निवडावेत.
2. ‘फॉरमॅट सेल्स’मधील ‘प्रोटेक्शन’ या भागात जाऊन ‘लॉक्ड’ची खूण काढावी.
3. या सेलना फिकट रंग द्यावा, म्हणजे कोठे लिहावयाचे ते सर्वांस कळेल.
4. शेवटी ‘रिव्ह्यू’मधून ‘प्रोटेक्ट शीट’ निवडावे.

ओळी वाढवावयाच्या झाल्यास संरक्षण काढावे, ओळ घालून सूत्र उतरवावे व पुन्हा संरक्षण लावावे. संकेतशब्द ठेवल्यास तो एकट्याच्या स्मरणावर सोडू नये. बदलीनंतर येणाऱ्या कार्यकर्त्यासाठी कार्यालयात नोंदवून ठेवावा.

कुलपाची मर्यादा

हे कुलूप अनवधानाने होणाऱ्या चुकीसाठी आहे. गुप्त माहिती राखण्याइतके ते भक्कम नाही. तसेच ते सूत्राचे रक्षण करते, नोंदीचे नव्हे. 40 आर क्षेत्र 0.40 हेक्टर असे लिहावयाचे असता कोणी 40 लिहिले, तर कुलूपबंद सूत्र 104 किलोऐवजी 10,435 किलो युरिया निमूटपणे दाखवील. म्हणून क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहावे, आणि नवे पत्रक वापरात आणण्यापूर्वी पहिल्या, मधल्या व शेवटच्या ओळीचा हिशेब कागदावर करून पडताळावा. या कामास काही मिनिटे पुरतात. पिकास चुकलेली मात्रा हंगाम सरल्यावर भरून काढता येत नाही.