कामाची फोड

पेण गांवांत गणेशचतुर्थीचें काम चतुर्थीच्या तोंडावर सुरू होत नाहीं. गांवांतील कारखान्यांत, आणि शेजारच्या हमरापूर, जोहे या गांवांतूनहि, तें जवळजवळ वर्षभर चालू असतें. परदेशीं जावयाच्या मूर्ति जहाजानें जातात, म्हणून त्या कित्येक महिने अगोदर हातावेगळ्या कराव्या लागतात; जवळच्या गिऱ्हाइकांची पाळी मागाहून येते. कारागीर आजारी पडो कीं पावसाची झड लागो, चतुर्थीची तिथि कांहीं पुढें जात नाहीं. तिथि उलटल्यावर आलेली मूर्ति कितीहि सुबक असली तरी त्या वर्षीं तिला पाट मिळत नाहीं.

हें जाणून असल्यामुळें कारखानदार 'मूर्ति करा' एवढेंच सांगून स्वस्थ बसत नाहीं. तो त्या कामाची फोड करतो. माती मळणें, साच्यांत दाबणें, भाग जोडणें, मूर्ति सुकविणें, घासून गुळगुळीत करणें, पांढरा हात देणें, अंगाचा रंग, पीतांबर, सोनेरी काम, आणि अखेरीस कसबी हातानें डोळ्यांची रेखणी, असे त्याचे तुकडे पडतात. या फोडींत दोन गुण आहेत. एक तर प्रत्येक तुकडा पुरा झाला कीं नाहीं हें कोणालाहि डोळ्यांनीं दिसतें. दुसरें असें कीं, कोणता तुकडा कोणावर अडून आहे हें ठरलेलें असतें. ओल्या मूर्तीवर रंग बसत नाहीं; आणि रंगारी दहाचे वीस केले म्हणून माती दुप्पट वेगानें सुकत नाहीं.

आतां शहरांतील घरांकडे पाहूं. पुष्कळ घरांतील मुलगा, मुलगी किंवा सून आज सॉफ्टवेअरच्या धंद्यांत आहे. 'पुढच्या आठवड्यांत काम संपेल' असें तीं सांगतात, आणि तो पुढचा आठवडा महिना महिना पुढेंच राहतो. जेवणें टळतात, ठरलेले प्रवास रद्द होतात, आणि जाणत्या, शिकलेल्या मुलांना आपल्या कामाचा अंदाज कसा येत नाहीं, याचें घरांतील वडील माणसांस कोडें पडतें.

त्या कोड्याचें मूळ कामाच्या स्वरूपांत आहे. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकानें काय काय करावें हें त्यास समजेल अशा भाषेंत लिहिलेल्या सूचनांची मालिका. ती मालिका मूर्तीसारखी फळीवर मांडून दाखवितां येत नाहीं. ओली कोणती आणि सुकलेली कोणती हें बाहेरून कळत नाहीं. म्हणून 'नव्वद टक्के झालें' असें काम करणारा प्रामाणिकपणें सांगतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत पहिल्या नव्वदाइतकाच काळ जातो.

एक उदाहरण घेऊं. पेणच्या एखाद्या कारखानदारानें गिऱ्हाइकांच्या मागण्या व बिलें ठेवणारें सॉफ्टवेअर पुण्याच्या तरुणांकडून करून घ्यावयाचें ठरविलें, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. प्रथम कारखान्यांत बसून सर्व विचारपूस करावयाची, त्यास दोन आठवडे. मग मागणीची नोंदवही तयार करावयाची, तीन आठवडे. त्यानंतर बिलें, दोन आठवडे. शेवटीं सर्व भाग एकत्र जोडून तपासणी, तीन आठवडे. एकूण दहा आठवडे झाले, आणि तरुणांनीं तसा शब्द दिला.

परंतु या यादींत एक तुकडा राहून गेला. कारखानदाराच्या जुन्या वह्यांत वर्षानुवर्षांचीं गिऱ्हाइकें, त्यांचे पत्ते आणि येणें-देणें आहे. तें सारें नव्या नोंदवहींत उतरविल्यावांचून सॉफ्टवेअरचा उपयोग नाहीं, आणि तपासणीहि खरी होणार नाहीं. त्यास चार आठवडे लागतात, आणि नोंदवही तयार झाल्यावांचून तें सुरूहि करतां येत नाहीं. आतां गणित पाहावें. सर्व तुकड्यांची बेरीज चौदा आठवडे भरते. पण बिलांचें काम आणि वह्या उतरविण्याचें काम दोन निराळ्या माणसांनीं बरोबरच चालविलें, तर विचारपूस दोन, नोंदवही तीन, वह्या चार आणि तपासणी तीन, मिळून बारा आठवड्यांत काम पुरें होतें. बिलें करणारा एक आठवडा आधीं मोकळा झाला तरी शेवटची तारीख एका दिवसानेंहि अलीकडे येत नाहीं. तो दोन आठवडे रेंगाळला तरी ती पुढें जात नाहीं. मात्र वह्या उतरविणारा एक दिवस चुकला तर सारें काम एक दिवस चुकतें.

एकावर एक अडलेल्या तुकड्यांची अशी सर्वांत लांब सांखळी शोधून तिच्यावर नजर ठेवण्याची रीति अमेरिकेंत १९५७-५८ च्या सुमारास शास्त्रशुद्ध झाली. ड्यू पाँट या रसायनाच्या कंपनीनें ती कारखान्यांच्या कामीं वापरली. तशाच एका पद्धतीनें तेथील आरमारानें पोलारिस क्षेपणास्त्राचें काम आंखलें.

काम मागें पडलें कीं माणसें वाढवावीं, हा उपाय सर्वांस प्रथम सुचतो. आय.बी.एम. कंपनीच्या ओ.एस. ३६० या प्रचंड सॉफ्टवेअरचें काम पाहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ च्या आपल्या पुस्तकांत याच्या उलट अनुभव नोंदविला: उशीर झालेल्या कामावर नवीं माणसें घातलीं तर उशीर वाढतो. कारण उघड आहे. नव्या माणसास शिकविण्यांत जुन्याचा वेळ जातो. शिवाय चौघांत परस्परांशीं बोलणाऱ्या जोड्या सहा होतात, तर आठ जणांत त्या अठ्ठावीस होतात. एकूण वेळेचा तिसरा हिस्सा योजनेस, सहावा हिस्सा प्रत्यक्ष लिहिण्यास आणि उरलेला अर्धा तपासणीस, असा त्यांचा हिशेब होता. लिहिणें म्हणजेच काम असें समजणाराचा अंदाज कां फसतो, हें यावरून ध्यानांत येईल.

तरी उत्तम फोड केली म्हणजे काम वेळेवर होतेंच, असेंहि समजूं नये. पेणहून रेल्वेनें पुढें गेलें कीं रोहा लागतें. याच रोह्यास १५ सप्टेंबर १९९० रोजीं कोंकण रेल्वेची कोनशिला बसली. सुमारें ७४० किलोमीटरचा मार्ग, दऱ्या, नद्या आणि नव्वदांवर बोगदे. आणि संकल्प पांच वर्षांचा. मुख्य अधिकारी ई. श्रीधरन यांच्या कारकीर्दींत या कामाची फोड महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार व उडुपी अशा सात विभागांत झाली. प्रत्येक विभाग सुमारें शंभर किलोमीटरचा. प्रत्येकावर एक मुख्य इंजिनियर जबाबदार. त्यामुळें काम एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे सरकत न बसतां सर्वत्र एकदमच सुरू झालें, आणि रोहा ते वीर हा तुकडा १९९३ सालींच वाहतुकीस खुला झाला.

मग संपूर्ण मार्गास जानेवारी १९९८ कां उजाडला? गोव्यांत मार्गाविषयीं वाद झाला, त्यांत वेळ गेला. परंतु कठीण सह्याद्रीचा कातळ यंत्रांनीं फोडला जात असतां, इंजिनियरांस खरें जेरीस आणलें तें मऊ, पाण्यानें भिजलेल्या मातीनें. गोव्यांतील पेडण्याच्या बोगद्यांत खोदलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळे. नकाशावर तो इतर बोगद्यांसारखाच एक बोगदा होता. पण सांखळींतील तीच कडी सर्वांत शेवटीं जुळली.

सॉफ्टवेअरच्या कामांतहि अशी ओली माती असते. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेशीं जोडणी, कधींच न केलेला हिशेब, गिऱ्हाइकाच्या मनांत अद्याप न ठरलेली गोष्ट, अशा तुकड्यांचा अंदाज कागदावर करतां येत नाहीं. म्हणून जाणते लोक तो तुकडा शेवटावर ढकलीत नाहींत. प्रथम तेथेंच लहानसा खड्डा खणून पाहतात, आणि मगच तारखेचा शब्द देतात. सोपें आधीं उरकून 'अर्धें झालें' असें समाधान मानणें गोड असतें, पण तें चतुर्थीच्या आदल्या रात्रीं महाग पडतें.

तेव्हां घरांतील मुलगा उशिरां परतला तर 'किती टक्के झालें?' असें त्यास विचारूं नये. 'आज कोणता तुकडा पुरा झाला, आणि कोणता कशावर अडला आहे?' असें विचारावें. पहिल्या प्रश्नास तो सवयीनें नव्वद म्हणेल. दुसऱ्याचें उत्तर देतांना त्यास क्षणभर थांबावें लागेल; आणि कदाचित् त्या वेळीं जुन्या वह्यांची त्यास आठवण होईल.